ताडपत्रीखालचा धूर

"आज कापसाआधी धूरच येचला माय."

पिकअपच्या मागच्या फाळक्यावरून उतरता उतरता मावशी एवढंच बोलली. पदराने डोळे पुसले, कमरेला ओटी बांधली आणि धुऱ्यावरून पऱ्हाटीत शिरली. तिच्या मागच्या बाया हसल्या, मीही हसले. वेचणीवाल्या बायांची ती मुकादम. दिवसभराच्या कामात बाया हसत राहिल्या पाहिजेत, हीही तिला आपलीच जबाबदारी वाटते. फाळका लावायला म्हणून मी मागे गेले आणि ताडपत्रीत डोकं घातलं, तर आत धूर अजून रेंगाळलेला. दिसत नव्हता, पण डोळ्यांना लागत होता. थंड इंजिनातून अर्धवट जळून बाहेर पडलेल्या डिझेलचा तो तिखट वास नाकाच्या आधी घशात बसतो. बायांच्या श्वासाने ताडपत्री आतून ओली झाली होती. कोपऱ्यात जेवणाचे डबे आणि त्यांवर कोणाचा तरी स्वेटर. मी पुढे केबिनमध्ये काच वर करून बसून आले होते. तिथे भावाने लावलेल्या अगरबत्तीचा वास होता, आणि इंजिनाची ऊब पायांना चांगली लागत होती.

डिसेंबरातल्या सकाळी आमच्याकडे पारा आठ-नऊवर येतो. उन्हाळ्यात पंचेचाळीस बघणारं हे अंग. त्याला ही थंडी सोसत नाही. त्यातून राळेगावच्या या अंगाला, वर्धा नदीच्या काठाकाठाने, पहाटेचा गारवा असा काही झोंबतो की बोलताना शब्द तुटतात. बाया लुगड्यावर नवऱ्याचा फुलशर्ट घालतात, कानाला ओढणी, त्यावर शाल, आणि गाडीत बसल्या बसल्या ताडपत्रीची समोरची, बाजूची दोरी घट्ट आवळून घेतात. मागचं तोंड तेवढं उघडं राहतं, कारण चढायला-उतरायला ते लागतं. घोंगडीखाली कोंबड्या बसाव्यात तशा त्या दाटीवाटीने बसतात. यात त्यांचं काही चुकतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

गाडीत बिघाड आहे, हे घरी सगळ्यांना माहीत होतं. पण आमच्या घरचा बिघाड वेगळा होता. सकाळी स्टार्टर मारला की बॉनेटखालून बारीक टिकटिक यायची. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा वेग वाढायचा, आणि दोन-तीन किलोमीटर गेलं की गप्प. त्यामुळे भाऊ कोणाला आवाज ऐकवायला गेला की गाडी शहाण्यासारखी वागायची. कापूस भरून हिंगणघाटला जाताना नदीच्या पुलानंतरच्या चढावर ओढ कमी पडते, डिझेल जास्त जातं, या त्याच्या तक्रारी रोज रात्री जेवताना निघायच्या. आई विचारायची, बाबा सल्ला द्यायचे, शेजारचा काका येऊन टॅपेटचं निदान करून जायचा. त्या टिकटिकीला घरात मान होता. वासाबद्दल कोणी बोलत नव्हतं, कारण जेवायला बसणाऱ्यांपैकी कोणीच मागे बसत नव्हतं.

मिस्त्रीचं गॅरेज फाट्यावर. चार खांब, वर टिन, बाजूला बाभळीखाली मेलेल्या ट्रॅक्टरांची दोन-तीन डोकी. संध्याकाळी गाडी घेऊन गेलो तर त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. म्हणाला, "हे तं तापली हाय. आता मी काय पाहू? रातभर राहू द्या अटीच." भावाचा चेहरा पडला. त्याचा सकाळचा दुधाचा फेरा असतो. बायांना वावरात सोडलं की गावातल्या कॅना घेऊन तो तालुक्याला जातो. शेवटी दुसऱ्या दिवशी बाया पायी निघाल्या, भावाने कॅना मोटरसायकलला लटकावल्या आणि गाडीपाशी मी थांबले. घरातल्या बाईमाणसाने गॅरेजात स्टुलावर बसून राहावं, याचं फाट्यावरच्या चहावाल्याला फार नवल वाटत होतं. तो मधूनमधून येऊन कप उचलण्याच्या निमित्ताने बघून जाई.

मिस्त्रीने कानाला लावलं ते ठिबकच्या नळीचं हातभर तुकडं. आपल्या संत्र्याच्या बागेत जमिनीवर पसरलेली असते ती १६ मिलिमीटरची काळी लॅटरल. एक टोक कानात, दुसरं हातात. पोऱ्याने स्टार्टर मारला. टिकटिक सुरू झाली. मिस्त्री नळीचं टोक इंजिनाच्या कडेने फिरवू लागला. पहिल्या सिलिंडरच्या जोडापाशी थांबला, मान हलवली. दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी, पार मागे केबिनच्या पत्र्याला लागून, त्याने डोळे मिटले आणि नळी माझ्याकडे दिली. "ऐका ताई." मी ऐकलं. बाहेरून जी टिकटिक वाटत होती ती नळीतून थोबाडीत मारल्यासारखी येत होती, फट् फट् फट्. गाडी उभी असताना चालू इंजिन मिनिटाला साधारण आठशे फेरे घेतं, आणि फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा डिझेल पेटतं. म्हणजे एकट्या चौथ्या भोकातून मिनिटाला चारशे वेळा, सेकंदाला सहा-सात फटके. मिस्त्रीने हे आकडे सांगितले नाहीत. तो म्हणाला, "चौथ्याचीच पॅकिंग फुकते. बाकी तिघं सज्जन हायत." मग बॅटरी मारून जोडाखालची काजळी दाखवली. इंजिनाच्या डोक्याच्या पांढुरक्या धातूवर, जोडातून गॅस सुटू नये म्हणून बसवलेल्या त्या पॅकिंगच्या कडेने पंख्यासारखी पसरलेली काळी मखमल. बोट लावलं तर बोट काळं झालं, आणि दुपारी भाकर खाईपर्यंत ते काळंच राहिलं.

गरम झाल्यावर आवाज का जातो, ते मी विचारलं. सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारं नळ्यांचं जोडकाम म्हणजे मॅनिफोल्ड, ते बिडाचं असतं. हातभर लांबीचं बीड पाचशे अंशांनी तापलं तर दोन मिलिमीटरहून जास्त वाढतं. ज्या डोक्याला ते जोडलेलं असतं ते पाण्याने थंड राहतं, त्याची वाढ तेवढी नाही. बीड फुगतं, फट भरून निघते, आवाज बंद होतो. रात्री निवलं की आकसतं आणि फट पुन्हा उघडते. ही रोजची ओढाताण सगळ्यांत जास्त बसते ती टोकाच्या स्टडांना, म्हणजे ते डोक्याला आवळून धरणाऱ्या आट्यांच्या खिट्ट्यांना. मधले जागेवर राहतात, टोकाचे वाकत राहतात, आणि एक दिवस त्यांतला एक तुटतो. आमचा तुटला होता. नटासकट त्याचं बाहेरचं टोक कुठे रस्त्यात पडलं कोण जाणे. आणि त्या फटीतून जो गॅस निघून जात होता तो टर्बोच्या वाट्याचा. टर्बोचं चाक त्याच फुंकरीवर फिरतं आणि इंजिनात जादा हवा कोंबतं. फुंकर कमी पडली, म्हणून चढावर दम लागत होता. भावाच्या तिन्ही तक्रारी एका तुटक्या स्टडाने निकालात काढल्या.

मग मी मावशीचं बोलणं सांगितलं.

मिस्त्रीने कपाळावरची घामाची रेघ मनगटाने पुसली. म्हणाला, "समोरचा धूर इंजनात राह्यते, थो मागं जात नाई. मागचा धूर दुसरा असन." आणि पोत्यावर आडवा होऊन गाडीखाली सरकला. तिथून हसण्याचा आवाज आला. "ताई, हिले तं शेपूटच नाई!" मीही वाकले. सायलेन्सरच्या डब्यापासून मागे जाणारी नळी मध्येच संपली होती. पावसाळ्यात नाल्यातल्या दगडाला घासून तुटली असावी, आणि लोंबकळते म्हणून कोणीतरी ती काढून टाकली असावी. धूर बाहेर पडत होता तो डाल्याच्या, म्हणजे माल भरायच्या मागच्या हौद्याच्या, बरोबर मधोमध, बसणाऱ्यांच्या खाली. शिवाय डब्याच्या पुढच्या जोडावर टिनाची पट्टी तारेने आवळलेली. मिस्त्रीने पोऱ्याला ओलं पोतं घेऊन धूर निघतो ते तोंड क्षणभर दाबून धरायला सांगितलं. इंजिन गुदमरल्यासारखं झालं आणि टिनाच्या पट्टीखालून फुस्स करून धूर निघाला. अजून पाईप कोमट होता तेवढ्यात निरम्याचं पाणी ओतलं, तर सगळ्या कडेने बुडबुडे.

मला जे राहून राहून आठवतं ते यानंतरचं. डाल्याच्या पत्र्याला जुन्या बोल्टांची भोकं असतात, कोपरे गंजून खाल्लेले असतात. वरून ती दिसत नाहीत, त्यांवर सरकी, माती, कापसाचे पुंजके बसलेले असतात. खालून बॅटरी मारली तर प्रत्येक भोकाभोवती काजळीचं गोल कडं होतं. धूर त्या भोकांतून वर जात होता, रोज, आणि जाताना पत्र्यावर सही करून जात होता. सगळ्यांत काळं कडं होतं ते डाव्या कोपऱ्यातलं. तिथे मावशी बसते, डबे सांभाळायला.

आणि भोकं बुजवली असती तरी धूर आत आलाच असता, असं मिस्त्री म्हणाला. रस्त्याने जाणारा ट्रक बघा, फुफाटा त्याच्या मागे मागे वर चढतो आणि फाळक्यावरून आत वळतो. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी होते, ती मागचं सगळं ओढून घेते. पुढून बंद आणि मागून उघडी ताडपत्री म्हणजे धुराला दिलेलं आमंत्रण. थंडी वाजते म्हणून पुढची दोरी आवळली की हवा आरपार जात नाही, मागून शिरलेली तिथेच घुटमळते. हे मला पटलं, आणि पटल्यावर राग आला, कोणाचा ते मात्र नक्की करता आलं नाही. नळी तोडणाऱ्या दगडाचा राग धरून काय करायचं?

आजीच्या वेळी बाया बंडीत जायच्या. बंडीला धूर नव्हता, पण बंडीला वेळही लागायचा, आणि बायांना तेव्हाही पहाटेच निघावं लागायचं. नंतर ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरचा धूर नळीतून वर, डोक्यावरून जातो. नळीच्या तोंडावर ते उडणारं टोपण असतं, लहानपणी आम्ही त्याच्या टाळ्या मोजायचो. ट्रॉलीत बसलेल्यांचं अंग खिळखिळं व्हायचं, मात्र नाकात माती जायची, डिझेल नाही. पिकअप आली तशी सोय झाली, वेग आला, ताडपत्रीचा आडोसा आला. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात, हे आम्हाला माहीत आहे, पोलिसांनाही माहीत आहे आणि मावशीलाही. एस.टी. त्या वेळी त्या वावरापर्यंत येत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे.

रात्री फोनवर वाचत बसले. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला २०० पटींहून अधिक ओढीने धरतं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत ती याच्यामुळे. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, एवढाच दिलासा. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातला, तंबाखूच्या धुराच्या आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या पंगतीला. डोकं दुखणं, मळमळणं, डोळे चुरचुरणं ही लक्षणं वाचली आणि वाटलं, ही तर मी वेचणीच्या प्रत्येक हंगामात ऐकते. बाई धुऱ्यावर बसली की दुसरी म्हणते, उपाशी आली असन. नाही तर ऊन लागलं, नाही तर नजर लागली.

आमच्या जिल्ह्याला हे नवं नाही. २०१७ च्या खरिपात माणसाच्या उंचीची पऱ्हाटी वाढली होती, आणि फवारणी करणारे नाकातोंडातून औषध घेत होते. यवतमाळच्या दवाखान्यात खाटा पुरेनात. वीसच्या आसपास माणसं गेली, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्याआधीची कित्येक वर्षं फवारणीनंतर येणारी चक्कर हे फवारणीचंच एक अंग मानलं जात होतं. दूध पी, गूळ खा, पडून राहा. मजुराच्या अंगाने केलेली तक्रार आपल्याकडे तक्रारीच्या वहीत चढत नाही. टर्बोची चढते.

दुरुस्तीचं काम भावाला वाटलं त्याहून लांबलं. मिस्त्रीने नटांवर डिझेल आणि ऑइल मारून रात्रभर भिजत ठेवले होते, तरी दोन नट हलेनात, ते गॅसच्या ज्योतीने लाल करून काढले. टर्बोची ऑइलची नळी सोडली, चिंधी कोंबली, आणि मॅनिफोल्ड दोन माणसांनी मिळून बाहेर घेतलं. तुटका स्टड डोक्यातून नखाएवढा बाहेर डोकावत होता. मिस्त्रीने आधी बॅटरीचे टर्मिनल काढले, वेल्डिंगचा करंट गाडीच्या कॉम्प्युटरात जाऊ नये म्हणून. मग त्या नखावर एक नट धरला आणि नटाच्या पोटात वेल्डिंग भरलं. लाल रंग उतरून काळा झाला तेव्हा त्याने खिशातून मेणबत्तीचं तुकडं काढलं आणि स्टडाच्या मुळाशी टेकवलं. मेण वितळून आट्यांमध्ये आत ओढलं गेलं, चुर्र असा आवाज आला, पांढरा धूर निघाला. पाना लावून त्याने पाव इंच उलटा फिरवला, पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. घाई केली की तुटतो, आणि आत तुटला की ड्रिल आणि सगळी कटकट. पोऱ्या श्वास रोखून उभा. चहावाल्यानेही कप उचलले नाहीत. स्टड कुरकुरत बाहेर आला आणि मिस्त्रीने तो माझ्या हातावर ठेवला. गरम होता, मी टाकून दिला, सगळे हसले.

मॅनिफोल्डच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी धरली तर चौथ्या भोकापाशी खालून उजेड दिसत होता. फट मोजायच्या फिलर गेजची ०.३० मिलिमीटरची पात सहज आत गेली. नवं पॅकिंग टाकून नुसतं आवळलं असतं तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा हीच टिकटिक. भाऊ म्हणाला, आवळून टाका, हंगाम चालू आहे. मिस्त्रीने त्याच्याकडे न बघता मॅनिफोल्ड पोत्यात गुंडाळलं आणि तालुक्याच्या लेथवाल्याकडे पाठवलं. ते घासून, सपाट होऊन आलं तेव्हा त्याचं तोंड आरशासारखं नव्हतं, बारीक रेघांचं, करडं, कोरं होतं. पॅकिंगचे पैसे चहापाण्यात जातील एवढेच. खरा खर्च मजुरी, लेथ आणि बुडालेल्या फेऱ्यांचा. नवे स्टड, आट्यांना तांब्याची ग्रीस, नट मधून सुरू करून टोकांकडे, एकदा हलके आणि एकदा पूर्ण.

मागच्या नळीवरून मात्र वाजलं. भावाचं म्हणणं, शेपूट नसलं तरी गाडी पळते, पुढचं काम झालं ना, मग मागचं वेचणी संपल्यावर बघू. मी म्हटलं, वेचणी संपल्यावर मागे कोण बसणार आहे? तो गप्प झाला. पटलं म्हणून नव्हे, फाट्यावर माणसांसमोर बहिणीशी भांडायचं नाही म्हणून. मिस्त्रीने पाईप कापून, वाकवून, डाल्याच्या पार मागच्या कडेबाहेर नेला आणि तोंड बाजूला वळवलं. टिनाची पट्टी काढून जोड वेल्ड केला, भोकांवर पत्र्याच्या ठिगळ्या मारल्या. त्याने जाताना बजावलं की गाडी चार-सहा दिवस तापून-निवून झाली की नट पुन्हा एकदा आवळायला आणायची, आणि ताडपत्री पुढून हातभर उघडी ठेवायची.

सकाळी गाडी चालू केली तर टिकटिक नव्हती. चढावर ओढ आली. भाऊ खूश होता, त्या दिवशी त्याने मला घरी येईपर्यंत तीनदा सांगितलं की कशी ओढते बघ. ताडपत्रीचं मात्र कोणी ऐकेना. पुढून उघडी ठेवली तर बाया पाच मिनिटांत दोरी आवळून घ्यायच्या. मी मावशीला हवेची पोकळी समजावून सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"समजलं माय. पन तुमी आमाले साडेसहाले काहून नेता, थे सांगा. दव तं नऊशिवाय उठत नाई. ओला कापूस येचला तं भाऊच बोंबलते, भाव नाई भेटत म्हनते. मंग आमी धुऱ्यावर काड्या पेटवून शेकत बसतो, दव उठे लोक. आठले निघालो तं ऊन राह्यते, ताडपत्री कोन आवळन?"

साडेसहाचं कारण दूध होतं. बायांना लवकर सोडलं तरच भावाला कॅना वेळेवर तालुक्याला पोचवता येतात. हे मावशीलाही ठाऊक होतं, पण तिने ते माझ्या तोंडून निघू दिलं. या आठवड्यापासून गाडी आठला निघते आणि भाऊ दुधाचा फेरा त्याआधी उरकायला पहाटे साडेचारला उठतो. आई त्याच्यासाठी चहा करायला उठते, आणि त्यावरून आमच्या घरी रोज सकाळी वाजतं.